काडीचा फ्रॉक

माझ्या मुलीनं जेवावं, एवढंच मला नमुना मावशींकडून हवं होतं. त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ते त्याच कारणानं, त्यामुळे मावशींच्या गोष्टीत माझी मुलगी सारखी मध्ये येणार. त्याला इलाज नाही.

मावशी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, जिन्यालगतच्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल, उंच आरसा आणि पडदा लावून केलेला एक कोपरा. तिथे बायका कपडे घालून बघतात. आतल्या खोलीत पलंग, शेगडी आणि एक लोखंडी ट्रंक. वय ऐंशीला टेकलंय, पण आजी म्हटलेलं चालत नाही. आम्ही मावशी म्हणतो, आमच्या मुलीही मावशीच म्हणतात. ‘नमुना’ हे नाव त्यांना पहिल्या नोकरीनं दिलं. ती नोकरी ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटतं, स्वभावावरून पडलं असेल. तेही फार चूक नाही, असं मावशीच हसून सांगतात.

त्या काळी शहरात बायकांच्या कपड्यांचं एक मोठं दुकान होतं. खाली काचेच्या खिडक्या आणि वर शिवणखोली. कुठलाही नवा फ्रॉक आधी एकच शिवत, आणि तो एका जिवंत मुलीच्या अंगावर चढवून बघत. तिला लाकडी चौरंगावर उभं करायचं, मास्तरांनी टाचण्या लावत तिच्याभोवती फिरायचं, आणि तिनं हलायचं नाही. तो पहिला कपडा म्हणजे नमुना. हळूहळू कपड्याचं नाव मुलीला चिकटलं. मावशी अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. भरलेली छाती, मुठीत मावेल अशी कंबर, खाली रुंद, गोल. त्या वेळची फॅशन म्हणजे अगदी हाच आकार होता. घेरदार स्कर्ट, घट्ट कंबरपट्टा. मास्तर म्हणायचे, देवानं हिला आमच्या कागदावर ठेवून कापलंय.

तेव्हा बाईचं अंग भरलेलं दिसायला हवं असायचं. कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलं आणि ‘तब्येत सुधारली हो’ म्हणालं, तर ते कौतुक असे. माझी आई मला लहानपणी शेजारणींपुढे उभी करून सांगायची, खात्यापित्या घरची दिसते की नाही. आज माझ्या मुलीच्या एखाद्या मैत्रिणीला हेच वाक्य ऐकवलं तर ती बाथरूममध्ये जाऊन रडेल.

मावशी तीन हंगाम चौरंगावर उभ्या राहिल्या. चौथ्या हंगामाला परदेशातून एक सचित्र मासिक आलं. त्यातली मुलगी पट्टीसारखी सरळ होती. ना छाती, ना कंबर, पाय लांबलचक, डोळे मोठे. मास्तरांनी नवा कागद कापला आणि मावशींच्या अंगाला लावून पाहिला, मग बाजूला ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, पोरी, तुझं काही चुकलेलं नाही, हंगाम बदललाय. दुसऱ्या दिवशी चौरंगावर नवीन मुलगी उभी होती. तिला सगळे काडी म्हणू लागले. मावशींना शिवणखोलीत मशीन दिलं, आणि काडीसाठी पहिला सरळ फ्रॉक त्यांनीच शिवला. राखी रंगाचा, गुडघ्याच्या वर जेमतेम टेकणारा, बिनबाह्यांचा.

पुढे दुकान बंद पडलं. निघताना कुणी मशीन मागितलं, कुणी आरसे. मावशींनी नमुने मागितले, आणि कुणालाच नको होते म्हणून ते मिळाले. ट्रंकेत आहेत ते हेच. त्यांच्या स्वतःच्या घेरदार दिवसांपासून काडीपर्यंतचे. मग खांद्यांत उशा भरायचे दिवस आले, मग बायकांनी पुरुषांसारखे दंड कमावायचे दिवस आले. त्यानंतर, आत्ता अलीकडे, पुन्हा भरदार नितंबांची चलती झाली. मावशी म्हणाल्या, माझी फॅशन परत आली खरी, पण तोवर माझे गुडघे गेले होते.

घरी शिवण सुरू केल्यावर मावशींनी एक पद्धत ठेवली. बायका दर वर्षा-दोन वर्षांनी जुना कपडा घेऊन येत, घट्ट झालाय म्हणत. मावशी त्यांना कधीच म्हणायच्या नाहीत की बाई, तू वाढलीस. म्हणायच्या, कापड आटलंय. मग शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं, ज्याला शिवणारे माया म्हणतात, त्यातून हळूच बोटभर मोकळं करून द्यायच्या आणि पट्ट्यावरचा जुना आकडा तसाच ठेवायच्या. बाई आरशात बघायची, आकडा बघायची, खूश होऊन जायची. आमच्या भागातल्या पाण्यानं सगळं कापड आटतं, अशी माझीही खूप वर्षं समजूत होती. मला दोन बाळंतपणं झाली तरी मावशींच्या हिशेबी माझी कंबर लग्नातलीच आहे.

पण नमुन्यात माया ठेवत नाहीत. तो नेमका कापलेला असतो. त्यात अंग बसलं तर बसलं. दुकानाचा नियमच होता की नमुना कुणासाठी उसवायचा नाही, मुलगी बदलायची. दुकान गेलं, मास्तर गेले, पण हा एक नियम मावशींनी देवाच्या आज्ञेसारखा पाळला.

माझी धाकटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिला जुन्या कपड्यांचं वेड लागलं. फोनवर जुन्या काळातले फोटो बघत बसायची. आत्ताचे कपडे म्हणजे पोती आहेत म्हणायची, तेव्हाच्या बायकांना काय ऐट होती. मीच तिला सांगितलं की अगं, खाली मावशींकडे खराखुरा खजिना आहे. मला बरं वाटलं होतं. दिवसभर खोलीत कोंडून घेणारी मुलगी निदान कुणाकडे तरी जाईल, बोलेल.

मावशींना तर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारणारं भेटलं. ट्रंक उघडली गेली. प्रत्येक फ्रॉकची गोष्ट निघाली. कुठला कुठल्या खिडकीत लागला, कुठल्या बाईनं तो पाहून मोटार थांबवली. काडी जिना उतरून खाली आली की गिऱ्हाइकं बोलायची थांबायची, हे मावशी उठून चालून दाखवत. ऐंशीची बाई, मोडके गुडघे, पण चार पावलं अशी टाकायची की मुलगी टाळ्या वाजवायची. तिनं राखी फ्रॉक मागितला. तो बरगड्यांवर अडकला. मावशी, जरा मोकळा करून द्या ना, असं ती म्हणाली. मावशींनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तसंच हसत सांगितलं, “नमुना उसवत नाहीत, राणी. अंगाला जमला तर घालायचा.”

त्या वाक्यात काही वाईट हेतू नव्हता. मी तेव्हा तिथे दारातच उभी होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग ताटात घास उरायला लागले. आधी वाटलं, परीक्षा आहे. मग कंगव्यात केसांचे पुंजके. हात गार. उन्हातसुद्धा स्वेटर. ती सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची, माझ्यासाठी सफरचंद चिरून ठेवायची, वडिलांच्या पावाला लोणी लावून द्यायची, आणि स्वतः पाण्याचा पेला घेऊन आमच्यासमोर बसायची. तिचे वडील म्हणायचे, या वयात मुलींची थेरं असतात, तू उगाच राईचा पर्वत करतेस. नंतर एकदा तिला ताप आला आणि त्यांनी तिला उचलून पलंगावर ठेवलं. बाहेर येऊन ते बराच वेळ बाल्कनीत उभे राहिले. थेरं हा शब्द पुन्हा कधी काढला नाही.

डॉक्टर झाले, समुपदेशक बाई झाल्या. मुलगी सगळ्यांशी गोड बोलायची. हो म्हणायची, वेळापत्रक घ्यायची, घरी येऊन ते नीट घडी करून ठेवायची. तिला राग येत नव्हता आणि तिच्या मनावर काही उमटतही नव्हतं. ऐकायची ती फक्त खाली. रोज संध्याकाळी राखी फ्रॉक घालून बघायला जायची. आणि मावशी, ज्यांना टेप न लावता नुसत्या नजरेनं कुणाचंही माप कळतं, त्या काही बोलत नव्हत्या. गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली.

एका दुपारी मी खाली गेले आणि सरळ सांगितलं की तो फ्रॉक मोठा करा. गुपचूप. तिला बसला की तिचं समाधान होईल आणि ती थांबेल.

मावशींनी मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाल्या, त्यात माया नाही.

मी म्हटलं, “जगभरच्या बायकांना तुम्ही खोटं सांगत आलात. मलाही सांगितलंत. माझ्या मुलीलाच खरं सांगायचं सुचलं तुम्हाला?”

त्यावर मावशींनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग उठून ट्रंक उघडली. फ्रॉकच्या खालच्या काठाला रुंद दुमड होती. ती सोडवून त्यांनी तिच्यातून दोन अरुंद पट्ट्या काढल्या आणि काखेपासून खाली दोन्ही बाजूंना जोडल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा त्या नमुन्याला कात्री लावत होत्या, आणि मला गप्प राहवत नव्हतं म्हणून मी विचारलं की ही काडी पुढे कुठे गेली.

तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. काडी मुळात तशी नव्हती, ती नोकरीसाठी तशी झाली होती. दुसऱ्या हंगामात चौरंगावर उभी राहिली की तिला घेरी यायची. मास्तरांनी मावशींना चौरंगामागे पडद्याआड बसवलं. कुणी बघायला आलं की मावशींनी खाली बसून मागून तिच्या पोटऱ्या धरायच्या, म्हणजे ती पडणार नाही. जिना उतरताना सगळे गप्प व्हायचे ते खरं, पण ती कठडा सोडत नसे. तिसऱ्या हंगामात ती आली नाही. नंतर कळलं की वारली. मास्तरांनी त्याच आठवड्यात दुसरी मुलगी शोधली. मावशी म्हणाल्या, मला तेव्हा आतून बरं वाटलं होतं गं, माझी जागा घेतली होती ना तिनं.

फ्रॉक तयार झाला. संध्याकाळी मुलगी खाली गेली आणि तो अंगावर चढला. मावशींनी मला हाक मारून बोलावलं. ती आरशासमोर उभी होती, गालांवर रंग आला होता, आणि मला म्हणाली, आई, बघ. मी बघितलं. मला तिच्या मानेखालच्या दोन हाडांशिवाय काहीच दिसलं नाही, पण मी सुंदर म्हटलं. त्या रात्री ती आमच्याबरोबर जेवायला बसली. एक उकडलेलं अंडं आणि अर्धा पाव खाल्ला. तिचं ताट मीच घासलं, कुणाला हात लावू दिला नाही. तो आठवडा तसाच गेला, रोज थोडं थोडं. मी मावशींसाठी नवीन चष्मा करायचं ठरवलं होतं.

मग एके दिवशी ती फ्रॉक हातावर टाकून खाली गेली आणि मावशींना म्हणाली, ढगळ होतोय, बाजूंनी आत घ्या.

तो ढगळ नव्हता. मावशींनी तो तिच्या अंगाबरहुकूम शिवला होता. पण काडीच्या मापात आपण मावलो असं तिला एकदा वाटलं, आणि आता काडीच्याही पुढे जाता येतं हे तिच्या लक्षात आलं. मी आगीतून काढून तिला फुफाट्यात टाकलं होतं. अंडं बंद झालं, पावही.

मावशींनी आत घ्यायला नकार दिला, तर तिनं घरी स्वतः टाचण्या लावल्या.

आता एकच गोष्ट उरली होती. मी मावशींना म्हटलं, तिला काडीचं खरं सांगा. त्या दिवशी मला सांगितलंत ते सगळं. मावशींना ते जड जात होतं. त्यांच्याकडे आयुष्यात मिरवण्यासारखं म्हणून तेवढंच होतं, ते चौरंग, ते दिवे, जिन्यावरची काडी. ते स्वतःच्या तोंडानं पुसायचं, तेही त्यांचं बोलणं ऐकणाऱ्या एकुलत्या एका माणसासमोर. पण त्या हो म्हणाल्या.

मी तिला घेऊन गेले. आम्ही तिघी कापायच्या टेबलाभोवती बसलो. मावशींनी काही लपवलं नाही. पडदा सांगितला, पोटऱ्या सांगितल्या. हातात धरलेल्या त्या पोटऱ्या थंडगार असायच्या, काठीला कातडं गुंडाळल्यासारख्या, असं त्या म्हणाल्या. काडीच्या आईनं दुकानात येऊन मुलीच्या चपला मागून नेल्या, तेही सांगितलं. स्वतःला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकलं. माझी मुलगी टेबलावर कोपरं टेकून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले. तिनं मावशींचा हात हातात घेतला. कित्येक महिन्यांत तिला कुणाबद्दल काही वाटलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, पोचलं. आत कुठेतरी पोचलं.

मग तिनं हळूच विचारलं, “शेवटी तिची कंबर किती होती, मावशी?”

आणि मावशींनी सांगितलं.

त्यांना सांगायचं नव्हतं. पण शिवणखोलीच्या दिवसांपासून कुणी माप विचारलं की त्यांच्या तोंडून आकडाच निघत आला. कात्री हातात असो, तोंडात टाचण्या असोत, मास्तर विचारणार आणि त्या सांगणार. तोंडातून शब्द गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला आठवायचा नाही. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. हे वाचणाऱ्यांच्या घरातही मुली असतील.

मुलीनं मान हलवली. मावशींचा हात थोपटला, थँक्यू म्हणाली आणि वर निघून गेली. तिच्या चालण्यात एक प्रकारचा उत्साह होता.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. आता ती हॉस्पिटलमध्ये आहे, खिडकीजवळच्या पलंगावर. नाकातून नळी आहे. रोज सकाळी नर्स तिला काट्यावर पाठमोरी उभी करते आणि वजन लिहून घेते. तिला ते सांगायचं नाही, असा तिथला नियम आहे. पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघते, आणि वाढलं असेल तर मला लपवता येत नाही. मग त्या दिवशी ती नळी ओढून काढते. म्हणून नर्सनं मला वजनाच्या वेळी बाहेर थांबायला सांगितलंय. वडील तर मुळातच तिथे उभे राहू शकत नाहीत.

माझ्याऐवजी मावशी आत जातात. तीन जिने चढून येतात, त्या गुडघ्यांनी. त्यांच्या तोंडावर काही दिसत नाही. मुलगी आता त्यांच्याशीही बोलत नाही, पण त्यांनी धरलं तर आधार घेते, कारण काट्यावर तिला एकटीला उभं राहता येत नाही.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसते. मावशी बाहेर येतात, शेजारी टेकतात, गुडघा चोळत राहतात. पहिले काही दिवस मी विचारायची, वाढलं का. काल विचारलं नाही. तेव्हा त्याच म्हणाल्या, “उद्या मी जरा लवकर येईन, आणखी एक नर्स बोलावून ठेवायला. तिला धरायला आता दोन हात पुरत नाहीत.”